सभासद नोंदणीच्या फॉर्ममध्ये व्हॅलिडेशन किती, कुठे आणि कधी करायचं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. शेतकरी उत्पादक कंपनीच्या सभासद नोंदणीसाठी ॲप बनतंय, वेबवर पण आणि अँड्रॉइडवर पण, त्यात नाव, मोबाईल, आधार, पॅन, बँक खातं, गट नंबर, क्षेत्र असे बरेच रकाने आहेत, मराठी आणि इंग्रजी दोन्ही चालायला हवंय, टीमने प्रत्येक रकान्याच्या व्हॅलिडेशनसाठी (टाकलेली माहिती बरोबर आहे का ते तपासण्यासाठी) कडक रेजेक्स (मजकूर कसा असावा हे सांगणारा पॅटर्न) लावलंय आणि आता लोक फॉर्म अर्ध्यात सोडून जातायत. ढिलं सोडलं तर डेटा खराब होणार, कडक ठेवलं तर डेटाच येणार नाही, अशी कात्री झालीये.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल. तुमच्याकडे क्रम चुकलाय. माणसाने जे टाईप केलं ते आधी साफ करायचं, मग तपासायचं, आणि अडवायचं फक्त तिथे जिथे ती माहिती चुकीचीच आहे याची आपल्याला पक्की खात्री आहे. बाकी ठिकाणी नुसती शंका असेल तर "हे बरोबर आहे ना, एकदा बघा" एवढं विचारून पुढे जाऊ द्यायचं. तुमच्या टीमने पहिली पायरी गाळली आणि तिसरी पहिल्या जागी आणून ठेवली.

साफ करणं म्हणजे काय ते मोबाईल नंबरवरूनच बघू. भारतातला मोबाईल नंबर १० अंकी आणि सुरुवात ६, ७, ८ किंवा ९ ने, हा नियम बरोबर आहे. पण माणूस तो कसा टाकतो? कोणी अधिक ९१ लावून, कोणी पुढे शून्य लावून, कोणी पाच-पाच अंकांमध्ये जागा सोडून, आणि बरेच जण कॉन्टॅक्टमधून कॉपी करून पेस्ट करतात, त्याच्यासोबत युनिकोडमधली (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारी पद्धत) दिसतच नाहीत अशी दिशादर्शक चिन्हं चिकटून येतात. स्क्रीनवर १० अंक स्वच्छ दिसतायत आणि ॲप म्हणतंय नंबर चुकीचा, मग तो माणूस काय करणार हो, फोन ठेवून देणार. यातलं एकही प्रकरण खरं तर चुकीचं नाहीये. स्पेस, डॅश, कंस, अधिकचं चिन्ह, अदृश्य चिन्हं काढून टाका, अंक १० पेक्षा जास्त उरले तरच पुढचा ९१ किंवा शून्य काढा (खरा नंबरही ९१ ने सुरू होऊ शकतो), आणि मग उरलेले १० अंक तपासा. रकान्याला कमाल लांबी १० लावली असेल तर ती पण काढा, कारण अधिक ९१ सकट पेस्ट केलेला नंबर ब्राउझर मुकाट्याने कापतो, शेवटचे अंक जातात आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

आता मराठी फॉर्मचा खास मुद्दा, देवनागरी अंक. मराठी कीबोर्डवर माणूस ९८ असं टाकणार, आणि त्याने ते टाकावंच, तुम्हीच तर मराठी फॉर्म दिलाय. पण रेजेक्समध्ये अंकासाठी जो 'बॅकस्लॅश डी' वापरतात तो प्रत्येक ठिकाणी वेगळा वागतो. जावास्क्रिप्टमध्ये तो फक्त इंग्रजी अंक धरतो. पायथन ३ मध्ये तो देवनागरी अंकसुद्धा धरतो. सर्व्हरवरच्या जावामध्ये डीफॉल्टला फक्त इंग्रजी, पण अँड्रॉइडवर तोच पॅटर्न क्लास युनिकोड अंक स्वीकारतो. म्हणजे तुमची वेबसाईट ज्या नंबरला नाही म्हणते त्यालाच तुमचं अँड्रॉइड ॲप हो म्हणतं, तो तसाच देवनागरीत डेटाबेसमध्ये जाऊन बसतो, आणि पुढे ओटीपी पाठवताना एसएमएस गेटवेने तो नाकारला की सगळे गेटवेला दोष देत बसतात. म्हणून रेजेक्सच्या भरवशावर राहूच नका, एक छोटं फंक्शन लिहा जे देवनागरी अंकांचे इंग्रजी अंक करेल, सगळे संख्येचे रकाने आधी त्यातून जाऊ द्या, आणि पॅटर्नमध्ये शून्य ते नऊ असं स्पष्ट लिहा. दाखवताना परत देवनागरीत दाखवा, साठवताना एकच रूप.

आयएफएससीचंही (बँकेच्या शाखेचा कोड) तसंच. ११ अक्षरं, पहिली चार बँकेची, पाचवं कायम शून्य, शेवटची सहा शाखेची. पासबुकावर ते शून्य आहे की इंग्रजी ओ हे चष्मा लावूनही कळत नाही, त्यामुळे लोक पाचव्या जागी ओ टाकतात. आता पाचवी जागा नेहमी शून्यच असते हे आपल्याला माहीत आहे ना, मग ओ चा शून्य आपण करायचा आणि खाली बँकेचं आणि शाखेचं नाव दाखवायचं, माणूस ते नाव वाचून लगेच सांगतो बरोबर की चूक. पॅन छोट्या लिपीत टाकला तर मोठ्या लिपीत करून घ्या. "कृपया कॅपिटल अक्षरात टाका" असा एरर दाखवणं म्हणजे जे काम कॉम्प्युटरला एका ओळीत जमतं ते माणसाच्या गळ्यात मारणं आहे, आणि मला याचा खरंच राग येतो.

नावाचा रकाना हा सगळ्यात मोठा घोटाळ्याचा, इथे जरा थांबते.

बहुतेक टीम नावाला 'फक्त अक्षरं' असा नियम लावतात. जावास्क्रिप्टचा साधा अक्षरांचा वर्ग फक्त इंग्रजी अक्षरं ओळखतो, म्हणून कोणीतरी हुशारीने युनिकोडचा 'लेटर' वर्ग लावतं, आणि तरीही 'प्रिया' नापास होते. कारण युनिकोडच्या हिशोबात काना, वेलांटी, मात्रा आणि हलन्त ही अक्षरं नाहीतच, ती 'मार्क' या वेगळ्या गटात येतात. म्हणजे लेटर आणि मार्क दोन्ही वर्ग हवेत. ते लावलं की पुढचा अडथळा गोऱ्हे, कुऱ्हाडे, वऱ्हाडपांडे यांचा. आपला तो अर्धा रफार दोन पद्धतीने टाईप होतो, एक म्हणजे नुक्तावाला ऱ आणि हलन्त, दुसरी म्हणजे साधा र, हलन्त आणि त्यामागे झीरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह. दोन्ही स्क्रीनवर सारखेच दिसतात. ते चिन्ह लेटरही नाही आणि मार्कही नाही, त्यामुळे दुसऱ्या पद्धतीने टाईप करणाऱ्या गोऱ्ह्यांना फॉर्म म्हणतो की तुमच्या नावात चुकीचं अक्षर आहे. मग कोणीतरी म्हणतं अदृश्य चिन्हं सरसकट काढून टाकू, वर मोबाईलला केलं तसंच. तसं केलंत की गोऱ्हे चं 'गोर्हे' होतं आणि शेअर सर्टिफिकेटवर चुकीचं नाव छापून येतं. युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करायची तयार सोय) जरूर करा पण ते या दोन रूपांना एक करत नाही, तो बदल तुम्हालाच लिहावा लागेल, म्हणजे र, हलन्त, जॉइनर ही जोडी दिसली की तिथे ऱ आणि हलन्त ठेवायचं. हे केलं नाही तर पुढे सर्चमध्ये निम्मे गोऱ्हे सापडणारच नाहीत, आणि एकाच माणसाची दोन खाती उघडली जातील.

लांबीचा नियम. 'कमीत कमी तीन अक्षरं' लावलंत तर ओक आडनावाचा माणूस इंग्रजीत पास आणि मराठीत नापास. कमाल बाजूला उलटा त्रास, 'ज्ञानेश्वर' मध्ये डोळ्याला चार अक्षरं दिसतात, युनिकोडमध्ये ते १० कोड पॉइंट (अक्षर, मात्रा, हलन्त असे सुटे घटक) आहेत आणि यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत ३० बाइट. मायएसक्यूएल कॉलमची लांबी कॅरॅक्टरमध्ये मोजतं, पण ओरॅकलमध्ये डीफॉल्ट बाइटमध्ये मोजली जाते, म्हणजे ५० चा कॉलम ठेवलात तर त्यात देवनागरीचे फक्त १६ कोड पॉइंट मावतात. फॉर्मवर सगळं हिरवं आणि सेव्ह करताना सर्व्हरचा एरर, हा प्रकार मी बऱ्याच ठिकाणी बघितलाय आणि मूळ कारण प्रत्येक वेळी हेच. ऐसपैस जागा द्या ना, नावाला २०० कॅरॅक्टर दिले म्हणून डिस्क भरत नाही.

आणि स्पेशल कॅरॅक्टर बंदी? वसईत आणि गोव्यात डिसोझा, डिमेलो ही आडनावं इंग्रजीत अपॉस्ट्रॉफी घालून लिहितात. आद्याक्षरांपुढे टिंब येतं, जोड आडनावात डॅश येतो. ही बंदी लोक का घालतात तर एसक्यूएल इंजेक्शनच्या (रकान्यात डेटाबेसची आज्ञा घुसवून केलेल्या हल्ल्याच्या) भीतीने, पण त्यावर उपाय पॅरामीटर वापरून क्वेरी लिहिणं हा आहे, लोकांच्या आडनावातून चिन्ह खरवडणं हा नाही. ज्या सिस्टिमला एका अपॉस्ट्रॉफीने भोक पडतं ती नावाच्या रकान्यावर नियम लावून वाचत नसते, कारण हल्ला करणारा तुमच्या फॉर्ममधून येतच नाही.

नावाचे रकाने किती हाही विचार करा. पहिलं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव हे तीन रकाने आपल्या अंगवळणी पडलेत, पण १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत महाराष्ट्र सरकारने सरकारी कागदपत्रांत बाळाचं नाव, आईचं नाव, मग वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रम ठरवलाय. तुमच्याकडे वारसदाराचा रकाना असणारच, तिथे ही मुलं येणार. शिवाय काहींना आडनावच नसतं. माझा सल्ला असा की 'कागदपत्रावर आहे तसं पूर्ण नाव' असा एकच मोठा रकाना ठेवा, आणि तपासायचं इतकंच की रिकामा नाही, त्यात ओळ तोडणारी चिन्हं नाहीत, आणि लांबी मर्यादेत आहे. बस.

आता जिथे कडक राहायचं तिथे नक्की राहा, आणि ते म्हणजे ज्या नंबरांच्या रचनेतच चूक पकडायची सोय आहे ते. आधारचे १२ अंक असतात, पहिला अंक ० किंवा १ नसतो, आणि शेवटचा अंक वरहॉफ पद्धतीने बाकीच्यांवरून काढलेला असतो. ही पद्धत याकोबस वरहॉफ या डच गणितज्ञाने १९६९ मध्ये मांडली, आणि तिचं वैशिष्ट्य हे की एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर ती हमखास पकडते, आणि टाईप करताना माणसाच्या हातून नेमक्या याच दोन चुका जास्त होतात. नुसतं '१२ अंक आहेत का' बघून सोडणाऱ्यांनी ही फुकटची मदत वाया घालवलेली असते. मेसेजही त्याप्रमाणे द्या, १६ अंक आले तर तो बहुधा व्हर्च्युअल आयडी आहे, १४ आले तर नावनोंदणीच्या पावतीवरचा नंबर आहे, तसं सांगा की आधार कार्डावरचा १२ अंकी नंबर हवाय. पण त्याही आधी वकिलाला विचारा की आधार तुम्हाला मागता येतो का. सुप्रीम कोर्टाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात आधार कायद्याच्या कलम ५७ मधला खासगी कंपन्यांना मोकळीक देणारा भाग रद्द केला, नंतर स्वेच्छेने ऑफलाइन पडताळणीचे मार्ग आले, पण 'सगळे मागतात म्हणून आम्ही पण' हे कारण चालणार नाही. जो रकाना काढून टाकता येतो त्याचं व्हॅलिडेशनही लिहावं लागत नाही आणि तो डेटा फुटायची भीतीही राहत नाही.

पॅनमध्ये पाच अक्षरं, चार अंक, एक अक्षर. चौथं अक्षर धारकाचा प्रकार सांगतं, व्यक्तीला पी, कंपनीला सी, हिंदू अविभक्त कुटुंबाला एच. सभासद व्यक्तीच असणार असेल तर पी नसलेल्या पॅनवर विचारणा करा. पाचवं अक्षर व्यक्तीच्या आडनावाचं पहिलं अक्षर असतं, हे वाचून बऱ्याच जणांना मोह होतो की आडनावाशी जुळवून बघू आणि नाही जुळलं तर अडवू. हे करू नका. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांचा पॅन तोच राहतो, आणि तुमचा फॉर्म त्यांना खोटं ठरवतो. ही जागा फक्त सौम्य विचारणेची. जीएसटीआयएनमध्ये (जीएसटी नोंदणीच्या नंबरात) १५ अक्षरं, पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्र २७ आणि गोवा ३०, पुढचे १० म्हणजे पॅनच, आणि शेवटचं तपासणीचं अक्षर, त्यामुळे दोन्ही रकाने असतील तर एकमेकांशी जुळवून बघा.

बँक खात्याच्या नंबराला सगळ्या बँकांत मिळून एक लांबी नाही, पुढे शून्यं असू शकतात, म्हणून तो कायम मजकूर म्हणून साठवा, संख्या म्हणून नाही. संख्या केलीत की पुढची शून्यं गेली, आणि जावास्क्रिप्टमध्ये साधारण १६ अंकांच्या पुढे संख्या नेमकी राहतच नाही. दोनदा टाकायला लावणं मला इथे मान्य आहे कारण चूक झाली तर पैसे दुसऱ्याच्या खात्यात जातात. एक रुपया पाठवून खातेदाराचं नाव उलट मागवायची सोय घेता आली तर कुठल्याही रेजेक्सपेक्षा ती भारी. पिनकोड ६ अंकी, पहिला शून्य नाही, एवढंच. त्यावरून राज्य ठरवताना जपून, महाराष्ट्राचे पिनकोड ४० ते ४४ ने सुरू होतात पण ४०३ गोव्याचा आहे.

क्षेत्राचा रकाना तुमच्या प्रकरणात सगळ्यात धोक्याचा आहे आणि प्रश्नात तुम्ही त्याला एका शब्दात उरकलंय. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर असं टिंबं देऊन लिहितात, म्हणजे १.२०.०० म्हणजे १ हेक्टर २० आर. हे माणसाने जसंच्या तसं टाकलं तर जावास्क्रिप्टचं पार्सफ्लोट (मजकुरातून दशांश संख्या काढणारं फंक्शन) दुसऱ्या टिंबाशी थांबतं आणि १.२ देतं, जे नशिबाने बरोबर आहे. पण ५ आर असलेला माणूस ०.५.० असं टाकतो, त्याचे होतात ०.५ हेक्टर, म्हणजे ५० आर. दहापट! कुठलाही एरर नाही, कुठलाही लाल रंग नाही, आकडा शक्य कोटीतला आहे म्हणून कमाल-किमान मर्यादेतही सापडत नाही, आणि त्यावर शेअर्स किंवा बियाण्याचं वाटप ठरणार. इथे उपाय व्हॅलिडेशनचा नाहीच, रचनेचा आहे. हेक्टर आणि आर असे दोन वेगळे रकाने द्या, आर ९९ च्या वर जाऊ देऊ नका कारण १०० आरचा एक हेक्टर होतो, आणि खाली लगेच एकर-गुंठ्यात करून दाखवा. एक एकर म्हणजे ४० गुंठे, साधारण ४०.४७ आर. शेतकरी बोलतो एकर-गुंठ्यात, तो ते वाचून क्षणात सांगेल की हे माझं नाही. गट नंबर मात्र पूर्ण मजकूर समजा, १२३/२/अ, ४५/१ब असे सगळे प्रकार खरे असतात, तिथे तिरपी रेघ आणि अक्षरं अडवली की लोक काहीतरी खोटं टाकून पुढे जातात आणि तुम्हाला वाटतं डेटा स्वच्छ आहे.

जन्मतारखेला कॅलेंडर देऊ नका, साठ वर्षं मागे बोटाने सरकवत जायला कोणालाच जमत नाही. दिवस, महिना, वर्ष असे तीन साधे रकाने पुरतात, ब्रिटनच्या सरकारी साईट्सवरही तसंच असतं. तारीख खरी आहे का हे बघताना भाषेच्या लवचिकपणावर विसंबू नका, जावास्क्रिप्टला ३१ फेब्रुवारी २०२३ असे सुटे आकडे दिले तर ते तक्रार न करता ३ मार्च बनवतं, म्हणून तारीख बनवून परत तिचे दिवस-महिना काढून मूळ आकड्यांशी ताडून बघा. आणि आपल्याकडची एक गोष्ट, शाळेत घालताना मास्तरांनी १ जून लावलेली पिढी मोठी आहे, त्यामुळे 'नाव आणि जन्मतारीख सारखी म्हणजे डुप्लिकेट' हा नियम गावात चालत नाही. बऱ्याच आधार कार्डांवर तर फक्त वर्ष असतं, त्यांना दिवस-महिना सक्तीचा केलात तर तेही १ जूनच टाकणार. मोबाईल नंबर युनिक ठेवायचा मोह पण टाळा, घरात एकच फोन आणि सभासद तिघं असं सर्रास असतं.

एरर कधी दाखवायचा याबद्दल माझी पद्धत ठरलेली आहे. माणूस टाईप करत असताना काही बोलायचं नाही, तिसऱ्या अंकाला 'नंबर चुकीचा' असं लाल करणं म्हणजे वाक्य पूर्ण व्हायच्या आत तोंडातून शब्द हिसकावणं आहे. रकाना सोडून पुढे गेला की तपासा. पण एकदा एरर दाखवला की मग त्या रकान्यात उलटं करा, प्रत्येक अक्षराला तपासा, म्हणजे दुरुस्त होताक्षणी लाल जातं आणि माणसाला कळतं की झालं. रिकामा सक्तीचा रकाना मात्र सबमिटलाच दाखवा, नुसतं बोट लागून पुढे गेला तर लगेच ओरडू नका. सबमिटचं बटन बंद करून ठेवायची फॅशन आहे ती मला अजिबात पटत नाही, माणूस राखाडी बटन दाबत राहतो आणि काय राहिलंय ते कोणी सांगत नाही. बटन चालू ठेवा, दाबल्यावर वर चुकांची यादी द्या, प्रत्येकीवर टॅप केलं की त्या रकान्यात नेऊन सोडा.

मेसेज रकान्याच्या लगेच खाली, आणि त्यात काय चुकलं यापेक्षा काय करायचं ते असावं. 'अवैध इनपुट' याने कोणाचं भलं झालेलं नाही. 'मोबाईल नंबरात ९ अंक आलेत, १० हवेत' हे वाचून माणूस लगेच दुरुस्त करतो. नुसता लाल रंग पुरत नाही, रंगांधळेपणा असलेल्याला तो दिसतच नाही, आणि स्क्रीन रीडर वापरणाऱ्यासाठी मेसेज त्या रकान्याला एरिया (ARIA, स्क्रीन रीडरला माहिती देणारी वेबची पद्धत) च्या अॅट्रिब्यूटने जोडलेला हवा. पेस्ट कुठेही बंद करू नका. वेबवर अंकांसाठी टाइप नंबर वापरू नका, तो पुढची शून्यं, इंग्रजी ई अक्षर, माऊसचं चाक फिरलं की बदलणारा आकडा असे सगळे त्रास घेऊन येतो, आणि मराठी अंक तर बहुतेक ठिकाणी घेतच नाही. टाइप टेक्स्ट ठेवा आणि इनपुटमोड न्यूमरिक द्या, कीपॅड अंकांचा येतो आणि तुमचं साफ करणारं फंक्शन पण चालतं. आणि नेट गेलं, सर्व्हरने नाही म्हटलं, काहीही झालं तरी भरलेला फॉर्म रिकामा करायचा नाही, हा नियम मोडणाऱ्याला मी रिव्ह्यूमध्ये सोडत नाही.

ईमेल बद्दल दोनच वाक्यं. तुमच्या सभासदांसाठी तो ऐच्छिक ठेवा, मध्ये ॲट आहे आणि दोन्ही बाजूला काहीतरी आहे एवढं बघा, आणि खरा आहे का हे फक्त त्यावर मेल पाठवूनच कळतं, शेवटी दोन ते चार अक्षरं असलीच पाहिजेत असा जुना रेजेक्स आजच्या लांब डोमेनना नाकारतो.

आता सर्व्हर. वर जे जे सांगितलं ते फोनवर आणि ब्राउझरमध्ये माणसाच्या सोयीसाठी आहे, संरक्षणासाठी नाही, कारण ब्राउझरचे डेव्हलपर टूल उघडून कोणीही तुमचं जावास्क्रिप्ट बाजूला सारू शकतं आणि एपीआयला (सर्व्हर जिथे माहिती घेतो त्या दाराला) थेट काहीही पाठवू शकतं. म्हणून साफ करणं आणि तपासणं हे दोन्ही सर्व्हरवर परत, पूर्ण. शक्य असेल तर नियम एकाच ठिकाणी लिहून दोन्हीकडे वापरा, नाहीतर निदान एकच टेस्टची फाईल वेब, अँड्रॉइड आणि सर्व्हर तिघांवर चालवा. शेअरची रक्कम फॉर्मच्या लपलेल्या रकान्यातून कधीही घेऊ नका, फक्त शेअरची संख्या घ्या आणि रक्कम सर्व्हरवर काढा. जे सभासदाने पाठवायचंच नाही, उदाहरणार्थ मंजुरीची स्थिती, ते रिक्वेस्टमध्ये आलं तरी डेटाबेसपर्यंत पोचता कामा नये. आधी 'असा पॅन आहे का' बघून मग इन्सर्ट करणं पुरत नाही, दोन रिक्वेस्ट एकाच वेळी आल्या तर दोन्हीला 'नाही' असंच उत्तर मिळतं आणि दोन्ही जातात, तिथे डेटाबेसचाच युनिक कन्स्ट्रेंट (तीच किंमत दुसऱ्यांदा न घेण्याचा नियम) हवा. एचटीएमएलमधून येणाऱ्या धोक्यावर उपाय दाखवताना एस्केप करणं (चिन्हं आज्ञा म्हणून न चालता नुसती मजकूर म्हणून दिसतील असं करणं) हा आहे, घेताना मजकूर कुरतडणं नाही.

आणि रेजेक्स सर्व्हरवर चालवताना त्याच्या वेळेचा विचार करा. २० जुलै २०१६ ला स्टॅक ओव्हरफ्लो ३४ मिनिटं बंद पडलं होतं, कारण एका पोस्टमध्ये साधारण २० हजार स्पेस सलग आल्या आणि मजकुराच्या सुरुवातीच्या-शेवटच्या मोकळ्या जागा काढणारा एक साधासा दिसणारा रेजेक्स त्यात फिरत बसला. २ जुलै २०१९ ला क्लाउडफ्लेअरचं नेटवर्क असंच एका फायरवॉल नियमातल्या रेजेक्सने सीपीयू खाल्ल्यामुळे अर्ध्या तासाच्या आसपास आडवं झालं. म्हणून रेजेक्सच्या आधी लांबी तपासा, मोकळी जागा काढायला भाषेतलं तयार ट्रिम वापरा, आणि एकात एक 'कितीही वेळा' असलेले पॅटर्न रिव्ह्यूमध्ये परत पाठवा.

सुरुवात कुठून करायची विचाराल तर आजच एक गोष्ट करा, कुठल्या रकान्याने किती वेळा आणि कुठल्या नियमामुळे माणसाला परत पाठवलं हे नोंदवायला लागा, फक्त टाकलेली माहिती त्या नोंदीत साठवू नका, रकाना आणि नियमाचं नाव पुरे. आठवड्याभराने ती यादी उतरत्या क्रमाने लावा. वरचे दोन-तीन नियम घ्या आणि प्रत्येकाला विचारा की हा नियम मोडलेली माहिती पुढे खरंच कुठे अडणार आहे का. आधारचा तपासणी अंक असेल तर हो, राहू द्या. नावातलं टिंब असेल तर काढून टाका तो नियम. आणि टेस्टच्या फाईलमध्ये ओक, दोन्ही पद्धतीने लिहिलेले गोऱ्हे, अपॉस्ट्रॉफीवाला डिसोझा, देवनागरीतला मोबाईल नंबर, ओ घातलेला आयएफएससी, ०.५.० क्षेत्र आणि ३१ फेब्रुवारी एवढे नमुने टाकून ठेवा, दर रिलीजला तिन्हीकडे चालवा. चालवून झाल्यावर जिथे वेब आणि अँड्रॉइडचं उत्तर वेगळं येईल ते मला पाठवा, त्यावर पुढे बोलू.